कल्याणची सकाळ, रंकाळ्याचं पाणी

भिवंडीहून कल्याणकडे निघालं की टेमघर लागतं. यंत्रमागांचे गाळे, गोदामांकडे वळणारे ट्रक, डोक्यावर मेट्रोचा मार्ग. पाण्याची आठवण व्हावी असं रस्त्यावर काही दिसत नाही. तरीही ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या हजारो घरांचा टेमघरशी रोजचा संबंध आहे तो पाण्यामुळेच. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी टेमघरच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पुढे शहरांकडे जातं. हीच उल्हास कल्याणला दुर्गाडीपाशी येते तेव्हा तिची खाडी झालेली असते. भरती-ओहोटी तिथपर्यंत पोचते, काठावर चिखल आणि तिवरं असतात. दोनशे वर्षांपूर्वी याच परिसरातली एक सकाळ कागदावर उतरली आणि लंडनमध्ये छापली गेली, हे मात्र टेमघर-कल्याणमधल्या फारच थोड्या लोकांना ठाऊक असेल.

ते चित्र कॅप्टन रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले याच्या पुस्तकात आहे. पश्चिम हिंदुस्थानातली दृश्यं, वेशभूषा आणि वास्तू असा या पुस्तकाचा विषय. १८२६ ते १८३० या काळात ते भागाभागांनी लंडनला प्रसिद्ध झालं आणि त्यात हाताने रंगवलेली ३६ चित्रं होती. त्यांतल्या एका चित्राचं नाव आहे ‘मुंबईजवळील कल्याण येथून सकाळचं दृश्य’. ग्रिंडले १८०३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात आला आणि १८२० पर्यंत मुंबई इलाख्यात राहिला. जिथे जाईल तिथे तो रेखाटनं करायचा. मायदेशी परतल्यावर त्याने जी पेढी काढली तीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. मुंबईच्या फोर्टमध्ये नोकरी केलेल्या जुन्या माणसांना हे नाव अजून आठवत असेल, आणि त्यामागे एक चित्र काढणारा शिपाईगडी होता हे कळल्यावर थोडं नवलही वाटेल.

एकोणिसाव्या शतकातलं असं पाण्याचं, झाडांचं, निवांत चित्र समोर आलं की आपण ‘छान आहे, शांत वाटतं’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मला इथे थोडं अडायचं आहे. ही शांतता त्या ठिकाणी आयती पडलेली नसते. चित्रकाराने ती घडवलेली असते: काही रेषा निवडून, काही टाळून, रंगाचा जोर कुठे वाढवून, कुठे काढून घेऊन. ती कशी घडवली हे कळायला लागलं की चित्रासमोर उभं राहण्यातला आनंद कमी होत नाही, उलट पाय तिथून निघत नाही.

आधी छपाईकडे पाहू, कारण ग्रिंडलेच्या चित्रांमधला मऊपणा निम्मा तिथून आलेला आहे. तेव्हा फोटोग्राफी नव्हती. मूळ चित्रावरून कारागीर तांब्याच्या पत्र्यावर काम करायचा. या पद्धतीला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग तो आम्लात बुडवायचा. राळेच्या कणांमधल्या फटींतून आम्ल तांबं खातं आणि पत्र्यावर असंख्य बारीक खळगे तयार होतात. जिथे फिकट छटा हवी तो भाग थोड्याच वेळात बाहेर काढून वार्निशने झाकायचा, गडद भाग पुन्हा पुन्हा बुडवायचा. खळगे जितके खोल तितकी शाई जास्त धरली जाते. छापल्यावर मिळतो तो रेषांचा जाळीदार काळेपणा नसतो. पातळ रंग फिरवल्यासारख्या सलग छटा मिळतात. पहाटेचं आकाश, धुकं, लांबचा डोंगर आणि स्थिर पाणी या चारही गोष्टींना कडा नसते. त्यामुळे हे तंत्र जणू त्यांच्यासाठीच निघालं असावं असं वाटतं. छापून झालेल्या प्रत्येक प्रतीवर नंतर जलरंगाने हात फिरवला जाई, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींमध्ये सकाळचा रंग तंतोतंत सारखा असतोच असं नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोकणातला उजेड पाहिला होता तो ग्रिंडलेने. आम्लात पत्रा किती वेळ ठेवायचा हे ठरवत होता तो लंडनमधला कारागीर. त्याच्या डोळ्यांना सवय इंग्लंडच्या ओल्या, करड्या सकाळींची. त्या काळी हिंदुस्थानची दृश्यं छापणाऱ्या पुस्तकांमधल्या अनेक चित्रांत आपलं ऊन इतकं सौम्य होऊन बसतं, त्याचं कारण काही अंशी हेच आहे.

मांडणीचंही तसंच. त्या काळच्या निसर्गचित्रांचा एक ठरलेला साचा होता आणि तो सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या चित्रकाराकडून चालत आला होता. अगदी पुढे गडद जमीन, एका बाजूला मोठं झाड किंवा पडकी वास्तू, सावलीत दोन-तीन माणसं. मधे उजळ पट्टा, बहुतेक वेळा पाण्याचा. मागे फिकट निळसर डोंगर आणि त्यावर मोकळं आकाश. नजर अंधारातून आत शिरते, पाण्यावर टेकते, मग डोंगराकडे जाते. बाजूचं झाड तिला चौकटीबाहेर जाऊ देत नाही. या साच्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण तो शेकडो वर्षं टिकला कारण तो काम करतो. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्यांना तर त्यातला एक भाग रोजच दिसतो. कल्याणहून स्वच्छ सकाळी मलंगगड आणि माथेरानची रांग पाहा: जवळचा डोंगर हिरवा-तपकिरी, त्यामागचा निळा, त्याही मागचा जवळजवळ आकाशाच्या रंगाचा. मधल्या हवेत सूर्याचा उजेड विखुरतो, निळा जास्त विखुरतो, आणि हवेचा थर जितका जाड तितका हा निळा पडदा दाट होतो. खोली दाखवायला चित्रकार हाच पडदा वापरतो. डोंगराचा आकार कितीही अचूक काढला आणि रंग जवळचाच ठेवला तर तो डोंगर अंगावर येतो.

आता पाणी. निवांत चित्राचा प्राण तिथे आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

स्थिर पाणी म्हणजे आडवा पृष्ठभाग. काठाची कड, गवताची रेघ, लांबवर चमकणारा पट्टा, सगळं आडवं. आडव्या रेषेवर नजर विसावते. तिरकी रेषा नजरेला ओढत नेते. म्हणून शांत पाणी रंगवणारा चित्रकार कुंचला आडवा चालवतो. पण झाडाचं, खांबाचं, डोलकाठीचं प्रतिबिंब मात्र उभं, सरळ खाली उतरतं. या दोन दिशा एकमेकींना छेदतात तिथेच पाणी ‘दिसायला’ लागतं. निळा रंग लावला म्हणून पाणी होत नाही.

प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल, असा आपला समज असतो. तसं नसतं. काठावरून आपण पाण्यात जे पाहतो ते, आपले डोळे पाण्याच्या पातळीखाली तेवढेच खोल असते तर जे दिसलं असतं, ते असतं. त्यामुळे पाण्यावर झुकलेल्या फांदीचा वरचा उजळ भाग आपल्याला थेट दिसतो आणि तिची काळोखी खालची बाजू प्रतिबिंबात दिसते. पुलाच्या कमानीचंही असंच. काठापासून मागे असलेलं झाड वर पूर्ण दिसतं, पण प्रतिबिंबात त्याचा फक्त शेंडा उरतो, कारण बाकीचं मधल्या बांधाने झाकलं जातं. चित्रकाराने खरोखर पाण्याकाठी बसून काम केलं की घरात बसून वरचंच उलटं करून टाकलं, हे या एका खुणेवरून पुष्कळदा पकडता येतं.

दुसरी खूण रंगाची. नजर सरळ खाली, पायाजवळच्या पाण्यात गेली तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं. बाकीचा आत जातो आणि आपल्याला तळ किंवा गाळ दिसतो. नजर जितकी दूर आणि तिरपी, तितका परावर्तनाचा वाटा वाढत जातो आणि लांबचं पाणी आरसा होतं. म्हणून चांगल्या चित्रात एकाच तळ्याचे दोन रंग असतात: पुढे तळाचा, मागे आकाशाचा. शिवाय गढूळपणामुळे प्रतिबिंबातला काळोख वरच्या झाडाइतका काळा राहत नाही आणि उजेड आकाशाइतका उजळ राहत नाही. दोन्ही मधल्या छटेकडे सरकतात. सावलीचं तर आणखी गमतीशीर आहे. स्वच्छ पाण्यावर झाडाची सावली जवळजवळ पडतच नाही. गढूळ पाण्यावर ती स्पष्ट उमटते, कारण तिला धरायला गाळाचे कण असतात. जॉन रस्किन या इंग्रज समीक्षकाने ‘मॉडर्न पेंटर्स’च्या १८४३ सालच्या पहिल्या खंडात पाण्यावर मोठं प्रकरण लिहिलं आणि चित्रकारांनी पाणी पाहायला शिकावं म्हणून असेच बारकावे मांडले. आषाढातल्या उल्हासच्या तांबूस पाण्यावर पुलाची सावली पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटेल.

वाऱ्याची एक झुळूक आली की आरसा मोडतो. लहान लाटांमुळे प्रतिबिंब आडवं फारसं पसरत नाही, उभं लांबत जातं. चित्रातली शांतता किती गाढ आहे हे मोजायचं असेल तर प्रतिबिंबाची लांबी पाहावी.

झाडांकडे येताना इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल आणि फ्रान्सचा कामीय कोरो या दोन चित्रकारांना टाळता येत नाही. कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ १८२१ साली लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘निसर्गदृश्य: दुपार’. उथळ नदीत थांबलेली गवताची रिकामी गाडी, डावीकडे घर, काठावर कुत्रा आणि वर अर्धं चित्र व्यापणारे ढग. त्या काळी झाडं तपकिरीकडे झुकवण्याची रीत होती. कॉन्स्टेबलने वेगवेगळे हिरवे शेजारी शेजारी ठेवले आणि ओल्या पानांवरची चकाकी दाखवायला पांढऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे दिले. काही टीकाकारांनी त्याला बर्फ म्हणून हिणवलं. पण १८२४ साली हेच चित्र पॅरिसला गेलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. नावातली ‘दुपार’ महत्त्वाची आहे, जशी ग्रिंडलेच्या नावातली ‘सकाळ’. आकाशाच्या अभ्यासचित्रांमागे कॉन्स्टेबल तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. जागेइतकीच वेळही चित्राचा विषय असते, हे त्याच्या पिढीने ठामपणे सांगितलं.

कोरोने याच्या उलट केलं. त्याचं १८६४ सालचं, आज लूव्र संग्रहालयात असलेलं मोर्तफोंतेनच्या तळ्याचं चित्र त्याने आठवणीतून रचलं. उजवीकडे एक प्रचंड झाड तळ्यावर झुकलेलं, डावीकडे एक बारीक झाड, त्यापाशी एक स्त्री आणि दोन मुलं, आणि मधे दुधाळ पाणी. इथे एकही पान सुटं दिसत नाही. झाड म्हणजे धुरकट हिरव्याचा ढग आणि त्यात अधूनमधून आकाशाची भोकं. या भोकांमुळे झाड हलकं होतं, त्यातून हवा खेळते. हिरवा इतका राखाडीकडे नेला आहे की पाणी, झाड आणि आकाश एकाच सुरात बोलतात. दोघांतलं कुठलं श्रेष्ठ, असा वाद घालण्यात अर्थ नाही; पण माझा कल सांगायचा तर कॉन्स्टेबलकडे. त्याच्या शांततेत ओल आहे, काम आहे, दुपारचा घाम आहे.

आणि तरीही त्या शांततेने पुष्कळ काही बाहेर ठेवलं आहे. ज्या पूर्व इंग्लंडमधली ही दुपार आहे तिथे १८१६ आणि १८२२ साली शेतमजुरांचे दंगे झाले होते. चित्रात त्याची झळ नाही. ग्रिंडलेची कल्याणची सकाळही याच नजरेने पाहायला हवी. तो सैनिक म्हणून इथे होता त्याच काळात, १८१८ साली, पेशवाई संपली आणि कोकण कंपनीच्या हाती गेलं. आगगाडी कल्याणला पोचली १८५४ साली. त्याआधीचं कल्याण म्हणजे गलबतांचं, मचव्यांचं आणि घाट उतरून येणाऱ्या बैलांच्या तांड्यांचं बंदर. खाडीचा काठ चिखलाचा, खाजणांचा. अशा गावाची ‘रम्य’ सकाळ काढायची म्हणजे गर्दी, राबता आणि चिखल यांतलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं हे ठरवणं आलंच. त्यासाठी चित्राचा राग धरण्याचं कारण नाही. मात्र ‘दोनशे वर्षांपूर्वी आपलं गाव असं शांत होतं’ असा दाखला म्हणून ते वापरू नये. तो एका परक्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी निवडलेला तुकडा आहे.

आपल्याकडे चित्रात पाणी नव्हतं असं नाही. लघुचित्रांमध्ये नद्या, कमळांची तळी, भिजणारी झाडं भरपूर आहेत. पण तिथे पाणी सहसा वळणदार रेघांच्या विणीने दाखवतात, त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडलेलं नसतं, आणि तळ्याकाठी कृष्ण, नायिका किंवा राजा असतो. नुसतं पाणी आणि झाडं, कुणाचीही कथा न सांगता, एवढ्यावर चित्र उभं राहतं ही कल्पना महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेमुळे. तिथे शिकलेल्या मुलांमध्ये कोल्हापूरचे आबालाल रहिमान होते. माझ्या मते उधार घेतलेली ही नजर पहिल्यांदा पूर्णपणे आपली झाली ती त्यांच्या हातून.

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. जे. जे.मध्ये त्यांचं कसब सगळ्यांच्या नजरेत भरलं. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं पदक मिळालं. मुंबईत राहिले असते तर व्यक्तिचित्रांवर उत्तम चाललं असतं. ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहू लागले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा आश्रय दिला. पुढची चाळीसेक वर्षं, १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा घाट रंगवत राहिले. वनस्पती आणि मातीपासून रंगही ते स्वतःच तयार करत.

ग्रिंडले एका मुक्कामावर रेखाटन करून पुढे गेला. आबालालांनी तेच पाणी वर्षानुवर्षं पाहिलं. रंकाळ्यातला संध्यामठ हा त्यांचा आवडता विषय. तळ्यात उभी असलेली ही दगडी वास्तू पावसाळ्यात पाणी चढलं की अर्धी बुडते आणि उन्हाळ्यात पुन्हा मोकळी होते. म्हणजे दगड तोच, पण प्रतिबिंब दर ऋतूत वेगळं. असा विषय निवडणाऱ्या माणसाला पाण्यात रस होता, हे उघड आहे. त्यांच्या काही चित्रांत रंग लहान लहान ठिपक्यांनी बसवलेला दिसतो. जवळून पाहिलं तर नुसते ठिपके, चार पावलं मागे गेलं की थरथरणारा उजेड. क्लोद लोरँचा साचा, बाजूचं झाड, पडकी कमान यांची त्यांना गरज भासत नाही. काठ, पाणी, दगड, संध्याकाळ एवढ्यावर त्यांचं भागतं, आणि त्या संध्याकाळचा उजेड कोल्हापूरचाच असतो.

जलरंगातलं काम पाहताना एक विशेष शोधावा. तैलरंगात पाण्यावरची चमक शेवटी पांढरा रंग ठेवून आणता येते. पारदर्शक जलरंगात चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. ती जागा पहिल्या हातापासूनच वाचवावी लागते. एकदा रंग गेला की गेली. म्हणून चांगल्या जलरंगी निसर्गचित्रात सगळ्यात पांढरी जागा कुठे आहे हे शोधलं की चित्रकाराने सुरुवातीलाच काय ठरवलं होतं ते कळतं. पुढे एम. के. परांडेकर, सा. ल. हळदणकर यांच्या पिढीने महाराष्ट्रात जलरंग कुठल्या कुठे नेला.

पाहण्याची एक साधी रीत सांगतो. चित्रासमोर आधी डोळे किलकिले करावेत. तपशील विरतात आणि गडद-उजेडाची मांडणी तेवढी उरते. मग उजेड कुठल्या बाजूने येतो ते ठरवावं आणि सावल्या त्याला धरून आहेत का ते तपासावं. चित्रकार बसला होता की उभा होता, काठाच्या वर किती, हे क्षितिजाच्या उंचीवरून कळतं. लहानशी मानवाकृती असेल तर ती बोटाने झाकून पाहावी. बहुतेकदा झाडाची सगळी उंची तिच्यावर तोललेली असते आणि ती झाकल्याबरोबर झाड खुजं होतं. शेवटी, तिथे असायला हवं होतं पण नाही असं काय, हा प्रश्न विचारावा. हीच रीत भिवंडीच्या वऱ्हाळादेवी तलावाकाठी सकाळी करून पाहता येते, चित्राशिवाय.

मूळ चित्रं पाहायची तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आबालालांचं काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेला युरोपीय चित्रांचा संग्रह आहे. कागदावरची चित्रं जिथे लावतात तिथे दिवे मंद असतात, कारण उजेडाने जलरंग उडतात; पन्नास लक्सच्या आसपासचा प्रकाश सुरक्षित मानला जातो. आत शिरल्यावर काही मिनिटं थांबून मगच चित्राकडे वळावं. ग्रिंडलेच्या पुस्तकातली पानं मात्र पुष्कळदा सुटी करून, चौकटीत घालून विकली जातात आणि त्यासोबतचा त्याने लिहिलेला मजकूर हरवतो. कल्याणची सकाळ कुणाच्या भिंतीवर दिसलीच तर तो मजकूरही शोधून वाचावा. काय दिसलं यासोबत काय दिसावंसं वाटलं, हेही कदाचित तिथे सापडेल.